जड नाव

२ ऑगस्ट १९८७, रविवार

पदवी घेऊन घरी आले त्याला महिना होत आला. आजपासून जमेल तेव्हा लिहायचं ठरवलं आहे, कारण अखेर काम सुरू झालं. विद्यापीठातले सर म्हणाले होते, तुमच्या डोंगरातल्या गावांची नावं गोळा कर, माणसांची, टोपणनावंसुद्धा. कोणतं नाव का पडलं, हे दहा वर्षांनी सांगणारं कुणी उरणार नाही. प्रत्येक नावाला एक कार्ड करायचं आहे. चांगलं झालं तर छापून येईल.

पहिलं कार्ड माझंच केलं. मी पोनिरा, कारण पोनच्या दिवशी जन्मले. दादा वागिमान, तो वागेचा. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन हे बाजाराचे पाच वार, आणि आमच्यासारख्यांची बहुतेक नावं त्यांतूनच निघतात. मूल कधी झालं एवढं त्या नावात असतं. त्याने पुढे काय व्हावं, हे नसतं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एकीने मला विचारलं होतं, आमच्याकडे भांडी घासायला येते तीपण पोनिरा, तुझ्या नात्यातली का? त्यानंतर मी सगळ्यांना माझं नाव रानी सांगू लागले.

म्हणून दादाला मुलगा झाला तेव्हा नाव मीच ठेवलं, हट्टाने. सूर्यो बुवोनो. जगाचा सूर्य. दादाला ते इतकं आवडलं की जाकार्तात तो आणि वहिनी नूडल्सची जी गाडी ढकलतात तिच्यावर त्याने लाल रंगात तेच रंगवून घेतलं. सिंबोक, म्हणजे माझी आई, एवढंच म्हणाली होती, "झोळीत मावेल का एवढं?"

आता सूर्यो चार वर्षांचा आहे, सिंबोकपाशी वाढतो, आणि शाळेत जायची त्याला भयंकर घाई आहे. आम्ही हजेरीचा खेळ खेळतो. मी दारात उभी राहून बाईंच्या आवाजात पूर्ण नाव पुकारायचं, आणि त्याने ताडकन उभं राहून "आहे" म्हणायचं. आज दिवसभर हेच चाललं होतं.

५ ऑगस्ट, बुधवार

आज पाक रादियोंकडे, म्हणजे रेडिओकाकांकडे, गेले. वीस वर्षांपूर्वी गावात पहिला रेडिओ त्यांनी आणला. तो बंद पडून कोंबड्यांचं खुराडं झाला, तरी नाव राहिलं. खरं नाव विचारलं तर विचारात पडले आणि बायकोला हाक मारली, "अगं, माझं नाव काय होतं?" बायको आतून म्हणाली, "लग्नात सांगितलं होतंत, तेव्हा मी रडत होते, ऐकलं नाही." कार्ड लिहिताना मला हसू आवरत नव्हतं. असं काम आयुष्यभर मिळालं तर मला दुसरं काही नको.

सकाळी सूर्योचे डोळे सुजलेले होते. सिंबोक म्हणते, डास चावले.

९ ऑगस्ट, रविवार

सिंबोकचं कार्ड. गाव तिला वागिमानची आई म्हणतं, आणि तिचं स्वतःचं नाव तुकिनेम, हे मला माहीत होतं. पण आज कळलं की ते तिचं पहिलं नाव नाहीच. जपान्यांच्या काळात इथे खायला काही नव्हतं. तिच्या पाठची-पुढची भावंडं एकामागून एक गेली. त्यांची नावं छान होती, ती म्हणाली, गाण्यात असतात तशी. ही पण अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या आईने तिला शेजारणीला विकलं. खोटंखोटं, तिवुलच्या, म्हणजे कसाव्याच्या उकडीच्या, एका वाटीला. शेजारणीने तिचं नाव तुकिनेम ठेवलं, विकत घेतलेली. आणि ती उठून बसली.

"आधीचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"ते मी घेत नाही," सिंबोक म्हणाली आणि कसावा सोलत राहिली.

मी दोनदा-तीनदा विचारलं. शेवटी कार्डावर 'मूळ नाव: सांगण्यास नकार' असं लिहिलं. सरांना हे फार आवडेल.

१६ ऑगस्ट, रविवार

डास नव्हते. सूर्योच्या तोंडाची सूज उतरतच नाही, आणि आता पायही सुजले आहेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. लघवी थोडी होते, फेसाळ. पोट ढोलकीसारखं झालं आहे. खेळतो मात्र, म्हणजे बसल्या बसल्या.

सिंबोक त्याला कडेवर घेऊन तळ्यापर्यंत जायची. आज निम्म्या वाटेवरून परत आली. "जड झालाय," म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मला संध्याकाळी कळलं. एम्बाह सोनो, म्हणजे सोनो आजोबा, येऊन बसले होते. गावातली लग्नं, बारशी, घर बांधायचे दिवस सगळं तेच बघतात. त्यांनी सूर्योच्या पायावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "पोरी, तू शिकलेली आहेस, तुला राग येईल. पण हे नाव राजाने पेलायचं. एवढ्याशा खांद्यावर जग ठेवलंस."

मी म्हटलं, एम्बाह, नावाला वजन नसतं.

ते म्हणाले, "मग ठेवलंस कशाला?"

मी सूर्योला उचलून आत नेलं. उत्तर आता सुचतंय, पण आता काय उपयोग.

१७ ऑगस्ट, सोमवार

स्वातंत्र्यदिन. शाळेच्या मैदानात मुलांच्या शर्यती. सूर्योच्या पायात चपलाही जात नाहीत. मी त्याला खांद्यावर घेऊन पापड खायची शर्यत दाखवली. खरंच जड झाला आहे.

१८ ऑगस्ट, मंगळवार

आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाई म्हणाल्या, मूत्रपिंडाचं आहे. वेळेवर औषध सुरू झालं तर मुलं बरी होतात, पण ते औषध मोठ्या डॉक्टरांनी बघून ठरवायला हवं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ते डॉक्टर फक्त गुरुवारी बसतात. बाईंनी चिठ्ठी दिली. वर सूर्यो बुवोनो लिहिलं, आणि "किती सुंदर नाव, कुणी ठेवलं?" असंही विचारलं. सिंबोक भिंतीकडे बघत होती.

बरी होतात. मी हे शब्द घरी येईपर्यंत मनात म्हणत होते.

१९ ऑगस्ट, बुधवार

उद्या गुरुवार, आणि आम्ही जात नाही. सिंबोक ऐकत नाही. आज मी तिच्याशी जशी बोलले तशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. अडाणी म्हणाले. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं.

"दवाखान्याला मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "तू म्हणशील तिथे नेईन. पण हे ओझं अंगावर ठेवून नाही नेणार. आधी ते उतरवू दे."

एम्बाह सोनोंनी दिवस काढून दिला आहे, पुढचा बुधवार. म्हणजे एक गुरुवार वाया. मी दादाला पत्र टाकलं आहे, पण उत्तर तोवर यायचं नाही.

मला एकटीला त्याला उचलून नेता आलं असतं. पहाटे शहरात जाणाऱ्या कोल्ट गाडीत बसायचं आणि जायचं. का नाही नेलं? सिंबोकच्या कुशीतून त्याला ओढून घ्यायची हिंमत झाली नाही, असं खरं उत्तर आहे.

२६ ऑगस्ट, बुधवार

झालं. लाल आणि पांढरी खीर, शेजारपाजारचे पुरुष चटईवर, मध्ये सूर्यो नवा सदरा घालून. एम्बाह सोनोंनी सांगितलं, आजपासून हा वारास. वारास म्हणजे बरा झालेला. सगळ्यांनी "हो" म्हटलं आणि खीर खाल्ली. मग ते म्हणाले, जुन्या नावाने कुणी हाक मारायची नाही, आणि कुणी मारलीच तर ओ द्यायची नाही. ओ दिली की उतरवलेलं ओझं परत उचललं. सिंबोकने खिरीवर हात धरून तसा शब्द दिला.

मी मागे खांबाशी उभी राहून सगळं टिपून घेत होते. राग होता, तरी हात चालत होता. इतकं तपशीलवार मी आजवर काहीच पाहिलं नव्हतं.

सगळे गेल्यावर सूर्यो माझ्याजवळ सरकला आणि कानात म्हणाला, "बुलिक, हजेरी घे ना." बुलिक म्हणजे मी, आत्या. मी अगदी हळू त्याचं पूर्ण नाव घेतलं. तो तितक्याच हळू "आहे" म्हणाला. आमचं गुपित. कुणीतरी त्याला त्याचं नाव विसरू देता कामा नये.

२७ ऑगस्ट, गुरुवार

आज लिहिता येत नाही.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

लिहायला हवं, नाहीतर डोकं फुटेल.

पहाटेच्या कोल्टने निघालो. रुग्णालयाच्या खिडकीशी मी चिठ्ठी सरकवली. सिंबोक माझ्या मागून म्हणाली, "वारास लिहायला सांग त्यांना." मी म्हटलं, चिठ्ठीवर आहे तेच लिहिणार. तिने माझी बाही धरली. "कंसात तरी. खाली तरी कुठे." मागे रांग होती, लोक बघत होते, मला लाज वाटली. मी तिचा हात सोडवला. खिडकीतल्या माणसाने सूर्यो बुवोनो लिहून घेतलं आणि सांगितलं, मोठ्याने नाव पुकारतील. "आहे" म्हणून पुढे यायचं. नंबर दुपारच्या सुमाराला लागेल.

विद्यापीठ तिथून चालत जाण्यासारखं आहे. दुपारपर्यंत बाकावर बसून काय करायचं होतं? सिंबोकशी मी तसंही बोलत नव्हते. कार्डं पिशवीत होतीच. जाऊन लगेच येते, म्हटलं.

सर खूश झाले. सिंबोकचं कार्ड, आदल्या दिवशीच्या खिरीचं टिपण, सगळं त्यांनी दोनदा वाचलं. स्वतः चहा मागवला. जुन्या नावाला ओ द्यायची नाही, हे कलम त्यांना कुठेच मिळालं नव्हतं. ते विचारत राहिले, मी सांगत राहिले: कोण कुठे बसलं, एम्बाह काय म्हणाले, आईने शब्द कसा दिला. सरांनी जरा जास्तच वेळ बसवून घेतलं. मोठ्या माणसाला मध्येच तोडून उठणार कसं?

परत आले तर बाकं रिकामी होत आली होती. सिंबोक जिथे सोडली तिथेच, मांडीवर सूर्यो झोपलेला. मी विचारलं, झालं का? शेजारच्या बाकावर एक बाई होती, तिने सांगितलं. डॉक्टर लवकर उरकत होते, त्यामुळे नाव लवकर आलं. नर्सने पुकारलं. पुन्हा पुकारलं. मांडीवरचा मुलगा उठून उभा राहिला आणि "आहे" म्हणाला.

"तुझ्या आईने त्याच्या तोंडावर हात धरला," ती बाई म्हणाली. "घट्ट धरला. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं नाव असेल, पोर उगाच बोलतंय. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून विचारलं नाही."

मी धावत आत गेले. डॉक्टर निघून गेले होते. एका शिकाऊ डॉक्टरने सूर्योला बघितलं, तात्पुरत्या गोळ्या दिल्या, ताप आला तर कुठल्याही दिवशी लगेच आणा म्हणाला, नाहीतर पुढच्या गुरुवारी.

कोल्टमध्ये मी तिला विचारलं, तू ऐकलंस ना?

"ऐकलं."

"मग?"

"काल शब्द दिला होता," सिंबोक म्हणाली. "कालच." मग म्हणाली, "मला वाटलं, तू येशील. तू शब्द दिला नव्हतास. तू ओ दिली असतीस."

माझ्या आईने तिच्या नातवाचं तोंड दाबून धरलं. हे वाक्य मी लिहिलं आहे आणि ते खरं आहे. एका वेडगळ समजुतीपायी. मी तिला कधीही क्षमा करू शकणार नाही.

२९ ऑगस्ट, शनिवार

सूज तेवढीच. गोळ्या देते आहे. त्याने हजेरी घ्यायला सांगितली नाही. मी आपणहून नाव घेतलं तर त्याने आधी सिंबोक कुठे आहे ते बघितलं, आणि मग नुसती मान हलवली.

३० ऑगस्ट, रविवार

अंग जरा कोमट लागतं आहे. सिंबोक म्हणते, आजच जाऊ. रविवारी मोठे डॉक्टर नसतात, मी म्हटलं, आणि शिकाऊ डॉक्टर पुन्हा त्याच गोळ्या देणार. संध्याकाळपर्यंत बघू.

संध्याकाळी अंग थंड होतं. बरं झालं, गेलो नाही.

१ सप्टेंबर, मंगळवार

काल सकाळी ताप भडकला आणि पोट दगडासारखं झालं. क्लिवोनचा बाजार होता, सगळ्या कोल्ट बोकड आणि कसावा घेऊन आधीच गेलेल्या. सिंबोकने त्याला कापडात बांधून पाठीवर घेतलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत चालत नेलं. मी घेते म्हटलं, दिलं नाही. एक ट्रक थांबला. शहर दिसायला लागण्याआधीच तो गेला. ट्रकवाल्याने गाडी वळवली आणि आम्हांला परत आणून सोडलं.

आज सकाळी पुरलं. मशिदीच्या मोदिनांनी प्रार्थनेसाठी विचारलं, मुलाचं नाव काय? अंगणात एवढी माणसं, पण कुणी बोलेना. सगळ्यांनी खीर खाल्ली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी एम्बाह सोनो म्हणाले, "वागिमानचा मुलगा. तेवढं पुरे. वरच्याला कळतं."

३ सप्टेंबर, गुरुवार, पोन

दादा-वहिनी काल पोहोचले. वहिनी झोळीचं कापड घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली आहे. दादाने मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. तो फणसाच्या लाकडाची फळी तासत बसला, डोक्याकडच्या बाजूला रोवायची. मग म्हणाला, "गाडी ढकलताना गिऱ्हाइकं विचारायची, हे काय लिहिलंय? मी सांगायचो, माझा पोरगा." पुन्हा तासायला लागला. "आता खरवडायला लागेल."

फळी माझ्यापुढे ठेवली. घरात शिकलेली मी, अक्षर माझं चांगलं. काळा रंग, ब्रश, सगळं होतं. मी सिंबोकला हाक मारून विचारलं, कोणतं लिहू? मनात धरलं होतं की ती जे म्हणेल तेच लिहायचं. वारास म्हणाली तर वारास.

ती फळीजवळ बसली. तिने फळीवरून हात फिरवला, तिच्यावरचा भुसा झाडला.

"काही लिहू नकोस," ती म्हणाली. "उगाच कुणी वाचेल, नाव घेईल. उठायला लागेल त्याला. झोपू दे."

कोरी फळी रोवून आलो. ब्रश तसाच वाळला.

८ सप्टेंबर, मंगळवार, पोन

सातव्या दिवसाची प्रार्थना काल झाली. दादा-वहिनी आज परत गेले.

सरांचं पत्र आलं. ओ न देण्याच्या नियमावर ते स्वतंत्र लेख करू म्हणतात, माझ्या नावाने. फक्त पुढे काय झालं ते कळवायला सांगितलं आहे: मूल बरं झालं का, नवं नाव टिकलं का. पोनिरा की रानी, कोणतं नाव छापायचं, हेही विचारलं आहे.

मी एक कोरं कार्ड घेतलं. वारास, असं वर लिहिलं. पुढे सुचेना. पाक रादियो कुंपणावरून विचारत होते, कार्डांचं काम थांबलं का, त्यांना त्यांचं नाव आठवलं आहे. मी म्हटलं, नंतर येते. ते म्हणाले, "ये, पण लवकर. पुन्हा विसरेन."

मी गेले नाही.

१० सप्टेंबर, गुरुवार, क्लिवोन

तळं पूर्ण आटलं. पाणी आणायला दोन डोंगर ओलांडून जावं लागतं. सिंबोक आणि मी एकत्र जातो, एकत्र येतो. बोलणं फार नाही. वारासची चटई तिने अजून गुंडाळलेली नाही, आणि मीही तिला तसं सांगितलेलं नाही.

सकाळी ती चुलीपाशी कसावा ढवळत होती आणि मी दारात तांदूळ निवडत होते. बाहेर वाराही नव्हता. मध्येच तिने पळी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि उभी राहिली. दाराकडे बघत, जरा मोठ्याने, गर्दीत बोलावं तसं म्हणाली, "आहे. आहे हो. इथेच आहे."

मला वाटलं, कुणी शेजारीण आली असेल. मी उठून अंगणात जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.